बाटलीवर यूडीपी, पेशीसमोर यूटीपी : नागपुरातील एका प्रयोगशाळेचे प्रकरण

पार्श्वभूमी

नागपुरातील एका औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालयात संत्र्याच्या सालीतील फ्लॅव्होनॉइड आणि श्वसनमार्गाच्या पेशींमधला दाह यांवर पीएच.डी.चे काम चालू होते. ओळख पटू नये म्हणून संस्था, व्यक्ती आणि पेशींच्या वाणाचे नाव इथे दिलेले नाही. हंगामात साल फुकट मिळते आणि तिच्यात हेस्पेरिडिन भरपूर असते. या सालीच्या अर्कातले काही अंश यूडीपीमुळे (दोन फॉस्फेट असलेल्या, पेशींमध्ये संदेश देणाऱ्या न्यूक्लिओटाइडमुळे) पेटणारा दाह थांबवतात का, हा प्रबंधाचा प्रश्न होता. यूडीपी ज्या रिसेप्टरवर (पेशीवरच्या, संदेश ओळखणाऱ्या प्रथिनावर) काम करते तो पी२वाय६, म्हणून प्रबंधाच्या शीर्षकातही पी२वाय६ आले होते.

एटीपी हे पेशीला ऊर्जा पुरवणारे, तीन फॉस्फेटांचे न्यूक्लिओटाइड. ते पेशीच्या आत मिलिमोलर प्रमाणात असते आणि बाहेर अगदी नगण्य. पेशी फुटली, ताणली गेली किंवा नुसती हलली तरी थोडे बाहेर येते आणि शेजारच्या पेशी ते ओळखतात. जेफ्री बर्नस्टॉक यांनी १९७२ मध्ये मज्जातंतू एटीपीचा संदेशासाठी वापर करतात असे मांडले तेव्हा फार थोड्यांनी ते मान्य केले. १९७८ मध्ये त्यांनीच अ‍ॅडेनोसिन ओळखणारे पी१ आणि एटीपी आणि त्याचा एक फॉस्फेट गळून होणारे एडीपी ओळखणारे पी२ अशी विभागणी सुचवली, आणि १९८५ मध्ये पी२चे पी२एक्स व पी२वाय असे दोन भाग झाले. पी२एक्स म्हणजे एटीपी चिकटताच उघडणाऱ्या आयन-वाहिन्या, त्यांचे ७ उपप्रकार. पी२वाय हे पेशीच्या आत संदेश पोचवणाऱ्या जी-प्रथिनाशी जोडलेले रिसेप्टर, माणसात ८.

या आठांपैकी प्रत्येकाची आवड वेगळी आहे, आणि या प्रकरणातली सारी गुंतागुंत तिथूनच येते. पी२वाय१, पी२वाय१२ आणि पी२वाय१३ यांना एडीपी लागते; हृदयरुग्णांना दिले जाणारे क्लोपिडोग्रेल प्लेटलेटवरच्या पी२वाय१२ लाच बंद करते. पी२वाय११ ला एटीपी. पी२वाय२ ला एटीपी आणि यूटीपी (यूडीपीचेच तीन फॉस्फेटांचे रूप) जवळपास सारख्याच ताकदीने चालतात. मानवी पी२वाय४ ला यूटीपी हवे, मात्र उंदराच्या पी२वाय४ ला एटीपीही चालते, म्हणून एका प्राण्यातले निष्कर्ष दुसऱ्यावर लादता येत नाहीत. पी२वाय६ ला यूडीपी. पी२वाय१४ ला यूडीपी-ग्लुकोज आणि यूडीपी. यूटीपी आणि यूडीपी यांच्यात फरक फक्त शेवटच्या एका फॉस्फेटचा, पण पी२वाय२ साठी तेवढा फरक पुरतो. शुद्ध यूडीपीला तो जवळजवळ जुमानतच नाही.

अडचण

पेशी ९६ वेलच्या (खळग्यांच्या) काळ्या प्लेटमध्ये वाढवल्या होत्या. फ्युरा-२ एएम हा कॅल्शियम दाखवणारा डाय भरून ३४० आणि ३८० नॅनोमीटरला उत्तेजित करून ५१० ला मोजणी, अशी नेहमीची कॅल्शियम-चाचणी होती. यूडीपी टाकले की १०–१५ सेकंदांत कॅल्शियमचा ठसठशीत उठाव दिसे. मात्रा वाढवत नेल्यावर सुबक एस-आकाराचा आलेख आला. विद्यार्थिनी आणि तिच्या मार्गदर्शक मॅडम दोघी समाधानी होत्या.

मग एमआरएस२५७८ हा पी२वाय६ चा अवरोधक १ मायक्रोमोलर वापरला आणि उठाव तसूभरही कमी झाला नाही. १० मायक्रोमोलरने थोडा कमी झाला, पण त्या मात्रेला पेशी गोल होऊन सुटू लागल्या होत्या, त्यामुळे त्या घटीला अर्थ नव्हता.

दुसरी गोष्ट आलेखातच होती, पण तिच्याकडे कोणी थांबून पाहिले नाही. अर्धा परिणाम देणारी मात्रा, म्हणजे ईसी५०, सुमारे ७ मायक्रोमोलर आली होती. मानवी पी२वाय६ वर यूडीपीची ईसी५० एक मायक्रोमोलरच्या बरीच खाली असायला हवी. "आपल्या पेशींत रिसेप्टर कमी असतील" असे म्हणून तो आकडा बाजूला ठेवला गेला. रिसेप्टर कमी असले की मात्रा काहीशी वर सरकते हे खरे, पण त्याबरोबर कमाल उठावही सहसा खुजा होतो. इथे कमाल उठाव यूटीपीइतकाच उंच होता.

प्रबंध सादर करायला वर्षभरही उरले नव्हते आणि दोन अंशांचे निकाल "पी२वाय६ अवरोधक" म्हणून परिषदेच्या पोस्टरवर झळकले होते.

समोर असलेले पर्याय

बैठकीत चार स्पष्टीकरणे पुढे आली आणि प्रत्येकामागे वेगळा खर्च होता.

पहिले, अवरोधकच बिघडला आहे. हे अगदी शक्य होते. एमआरएस२५७८ च्या रेणूत आयसोथायोसायनेट गट आहेत. ते रिसेप्टरला कायमचे चिकटतात, पण पाण्याशी आणि सीरममधल्या प्रथिनांशीही अभिक्रिया करतात. डीएमएसओ या द्रावकातला जुना स्टॉक, सीरम असलेले माध्यम, पातळ करून तासभर ठेवलेले द्रावण, यांपैकी काहीही त्याला निकामी करू शकते. नवी कुपी परदेशातून मागवायची तर हातात यायला कित्येक आठवडे.

दुसरे, यूडीपीच खराब झाले आहे. पार्सल मे महिन्यात आले होते आणि शनिवार-रविवार कुरिअरच्या गोदामात पडून होते. नागपूरचा पारा तेव्हा ४४ च्या पुढे होता. शंका रास्त होती, पण दिशा चुकीची. उष्णतेने आणि ओलाव्याने न्यूक्लिओटाइडचे फॉस्फेट गळतात : यूटीपीचे यूडीपी, यूडीपीचे यूएमपी. यूएमपी या रिसेप्टरांना ओळखीचे नाही. म्हणजे उन्हाने यूडीपी दुबळे झाले असते. त्याने अवरोधकाला दाद न देणारा पूर्ण उंचीचा उठाव दिला नसता.

तिसरे, पी२वाय६ चे एखादे नवे रूप, किंवा दोन रिसेप्टर जोडीने काम करत आहेत. विभागातल्या एका सरांना हे सर्वांत आकर्षक वाटले. यासाठी जनुक बंद करण्याचा प्रयोग सुचवला गेला, तीन-चार महिन्यांचा.

चौथे, यूडीपीत यूटीपीची भेसळ आहे आणि पेशींवर पी२वाय२ आहे. हे विद्यार्थिनीने सुचवले. बाटलीसोबतच्या प्रमाणपत्रावर शुद्धता "९६ टक्के किंवा अधिक" होती. उरलेले चार टक्के काय, ते त्यावर नव्हते. यूडीपी बनवताना यूटीपी मागे राहणे ही या क्षेत्रातली जुनी डोकेदुखी आहे. यूडीपी, एडीपी विकत घेऊन थेट वापरायचे नसते हे १९९० च्या दशकात पी२वाय रिसेप्टर एकेक करून वेगळे झाले तेव्हाच लक्षात आले होते.

हिशेब फळ्यावर मांडला गेला. या पेशींवर यूटीपीची ईसी५० सुमारे ०.२ मायक्रोमोलर मोजलेली होती. यूडीपीत ३ टक्के यूटीपी असेल तर ७ मायक्रोमोलर यूडीपीत ०.२१ मायक्रोमोलर यूटीपी येते. दोन आकडे इतके जुळल्यावर जनुक बंद करण्याचा प्रस्ताव मागे पडला. ज्यांना असा संशय येईल त्यांनी हा भागाकार आधी करावा : शुद्ध यूटीपीची ईसी५० भागिले "यूडीपी"ची ईसी५०. उत्तर दोन-चार टक्क्यांत आले आणि दोन्ही आलेखांचा उतार व कमाल उंची एकसारखी असली, तर भेसळीची शक्यता दाट समजावी.

काय केले

सर्वांत स्वस्त प्रयोग आधी ठरला. वेलमध्ये १०० मायक्रोमोलर एटीपी टाकायचे, उठाव उतरू द्यायचा, आणि पाच मिनिटांनी यूडीपी द्यायचे. एटीपी पी२वाय६ ला चेतवत नाही, पण पी२वाय२ ला थकवते. एटीपीनंतर यूडीपीला उत्तर आले नाही. पेशीच्या आतला कॅल्शियमचा साठाच रिकामा झाला असता तरीही असेच दिसले असते, म्हणून शेवटी वेगळ्या रिसेप्टरवरून तोच साठा उघडणारे हिस्टामिन दिले. त्याचा उठाव जवळपास पूर्ण आला. म्हणजे साठा शाबूत होता आणि एटीपी व "यूडीपी" एकाच दारातून जात होते. या प्रयोगाला एक दुपार आणि अर्धी प्लेट लागली.

मॅडमचा पुढचा विचार होता अ‍ॅपायरेज वापरण्याचा. तो वेळीच सोडला हे बरे झाले. अ‍ॅपायरेज यूटीपी आणि यूडीपी दोन्ही तोडते. उठाव नाहीसा झाला असता आणि त्यावरून काहीच ठरले नसते. हवे होते फक्त यूटीपीचे यूडीपी करणारे एन्झाइम. ते म्हणजे यीस्टचे हेक्झोकायनेज. ते ट्रायफॉस्फेटचा शेवटचा फॉस्फेट ग्लुकोजला देते आणि यूडीपीला हात लावत नाही. एटीपीच्या मानाने यूटीपीवर ते बरेच संथ चालते, म्हणून एन्झाइम सढळ घालावे लागते.

पहिल्या खेपेला १० मिलिमोलर यूडीपी, २५ मिलिमोलर ग्लुकोज आणि दर मिलिलिटरला ५० युनिट हेक्झोकायनेज साध्या पाण्यात मिसळून ३७ अंशांवर तासभर ठेवले. उठाव होता तसाच राहिला. सुदैवाने सोबत तशीच प्रक्रिया केलेले यूटीपीही ठेवले होते आणि तेही तेवढेच जोमदार निघाले. म्हणजे एन्झाइम चाललेच नव्हते. कारण मॅग्नेशियम नव्हते. हेक्झोकायनेजला मॅग्नेशियमला बांधलेले ट्रायफॉस्फेट लागते. ही जोडचाचणी नसती तर "यूडीपी शुद्ध केले तरी परिणाम तसाच" असा निष्कर्ष निघून भेसळीची शक्यता कायमची निकालात निघाली असती.

दुसऱ्या खेपेची कृती अशी होती : ५० मिलिमोलर हेपीस बफर, पीएच ७.४, मॅग्नेशियम क्लोराइड १२ मिलिमोलर, ग्लुकोज २५ मिलिमोलर, न्यूक्लिओटाइड १० मिलिमोलर, हेक्झोकायनेज ५० युनिट प्रति मिलिलिटर, ३७ अंश, एक तास. बफर अनिवार्य आहे, कारण प्रत्येक फॉस्फेट हलताना एक प्रोटॉन सुटतो आणि नुसत्या यूटीपीच्या नळीत ते १० मिलिमोलरपर्यंत जातात. एन्झाइम कोरड्या पावडरीचे घेतले. अमोनियम सल्फेटमध्ये बुडवलेले एन्झाइम स्वस्त पडते, पण अमोनियम पेशीच्या आतला पीएच हलवते. ते वापरायचेच तर आधी डायलिसिस करावे. चार नळ्या एकत्र चालवल्या : यूडीपी, यूटीपी, नुसते एन्झाइम-ग्लुकोज, आणि एन्झाइमविना यूडीपी.

यावेळी यूटीपीच्या नळीची ताकद गेली आणि यूडीपीचा उठाव १० मायक्रोमोलरपर्यंत दिसेनासा झाला. १०० मायक्रोमोलरला एक लहानसा उंचवटा उरला.

याच काळात एचपीएलसी (मिश्रणातले घटक स्तंभातून वेगळे करून मोजण्याची पद्धत) करायचे ठरले, आणि तिथे अनपेक्षित अडथळा आला. २६० नॅनोमीटरला नुसते शोषण मोजून उपयोग नसतो. प्रकाश शोषणारा भाग युरॅसिल, आणि तो यूएमपी, यूडीपी, यूटीपी तिघांत एकच. ते वेगळे करायला सी१८ स्तंभावर टेट्राब्यूटिलअमोनियमसारखे आयन-जोडी अभिकर्मक लागते. विश्लेषण विभागाने चांगला स्तंभ द्यायला नकार दिला, आणि त्यांचे बरोबर होते : हे अभिकर्मक स्तंभात रुतून बसते आणि नंतर त्यावर इतरांच्या औषधचाचण्यांच्या वेळा बदलतात. शेवटी बाद ठरवलेला एक जुना स्तंभ मिळाला. शिखरे थोडी पसरट आली, पण क्रम स्पष्ट होता : आधी यूएमपी, मग यूडीपी, शेवटी यूटीपी. यूडीपीच्या प्रचंड शिखरामागे तीन टक्क्यांचे शिखर हरवू नये म्हणून नमुना नेहमीपेक्षा जास्त सोडला आणि यूटीपीचे प्रमाण वेगळ्या प्रमाण-आलेखावरून काढले. ते तीन टक्क्यांच्या जवळ निघाले. हेक्झोकायनेजनंतर ते शिखर मोजता येण्याच्या मर्यादेखाली गेले.

आरटी-पीसीआरचीही (पेशीत कोणत्या जनुकाचा आरएनए आहे ते पाहणाऱ्या चाचणीची) एक गोष्ट नोंदवण्याजोगी आहे. पी२वाय६ ची पट्टी सुरुवातीला स्पष्ट आली होती आणि तिच्यावरच सगळ्यांचा विश्वास बसला होता. या रिसेप्टरचा प्रथिन-सांकेतिक भाग एकाच एक्झॉनमध्ये आहे; मध्ये इंट्रॉन (आरएनए तयार होताना कापून टाकला जाणारा भाग) नसल्याने जीनोमिक डीएनएची भेसळ असली तरी त्याच लांबीची पट्टी येते. आरएनएवरून डीएनए बनवणारे रिव्हर्स ट्रान्स्क्रिप्टेज न घातलेली नळी चालवल्यावर तिच्यातही पट्टी आली. डीएनए तोडणाऱ्या डीएनेजने आरएनए स्वच्छ केल्यावर पी२वाय६ ची पट्टी अगदी फिकट उरली, पी२वाय२ ची दणदणीत.

निष्पत्ती

इथवर कॅल्शियमचा प्रश्न सुटला होता. पण प्रबंधाचा दुसरा पाय होता २४ तासांत सुटणारे आयएल-८ हे दाहाचा संदेश देणारे प्रथिन, आणि तिथे शुद्ध केलेले यूडीपीही आयएल-८ वाढवतच राहिले. पी२वाय६ परत आल्यासारखे वाटले. या निकालाने सगळ्यांना सर्वांत जास्त अडवले आणि विचार करायला लावले.

उत्तर पेशीच्या पृष्ठभागावर होते. तिथे न्यूक्लिओटाइड तोडणारी एन्झाइम असतात, तसेच फॉस्फेट एकाकडून दुसऱ्याकडे देणारे न्यूक्लिओसाइड डायफॉस्फोकायनेजही असते. माध्यम बदलताना पेशी एटीपी सोडतात. ते एटीपी आणि बाहेरून दिलेले यूडीपी एकत्र आले की हे एन्झाइम एटीपीचा फॉस्फेट यूडीपीला देते : एटीपीचे एडीपी, यूडीपीचे यूटीपी. नळीत शुद्ध केलेले यूडीपी वेलमध्ये पोचून पुन्हा काही अंशी यूटीपी होत होते. कॅल्शियमची चाचणी मिनिटाभरात संपते म्हणून तिथे ते दिसले नव्हते.

म्हणून हेक्झोकायनेज वेलमध्येच ठेवले, दर मिलिलिटरला १ युनिट. माध्यमात ग्लुकोज असतेच. एन्झाइमच्या पावडरीत जिवाणूंचे एंडोटॉक्सिन असू शकते आणि ते स्वतःच आयएल-८ वाढवते, म्हणून ९५ अंशांवर दहा मिनिटे ठेवून मारलेले एन्झाइम दुसऱ्या रांगेत दिले. उष्णतेने एन्झाइम मरते, एंडोटॉक्सिन टिकते. मेलेल्या एन्झाइमने आयएल-८ वाढले नाही आणि जिवंत एन्झाइमसोबत यूडीपीचा परिणाम बहुतांश ओसरला. नवा मागवलेला एआर-सी११८९२५ हा पी२वाय२ चा अवरोधक तोवर आला होता. त्याने यूटीपी आणि अशुद्ध यूडीपी यांचे आलेख सारख्याच अंतराने उजवीकडे सरकवले. शीर्षकातले पी२वाय६ गेले, पी२वाय२ आले.

संत्र्याच्या सालीच्या दोन्ही अंशांची चाचणी पुन्हा शुद्ध यूटीपीवर झाली. त्यांतला एक बाद झाला : तो हिस्टामिनचा उठावही तेवढाच दाबत होता, आणि नंतर कळले की तो ३४० नॅनोमीटरलाच प्रकाश गिळतो. फ्युरा-२ सोबत रंगीत वनस्पती-अर्क वापरणाऱ्यांनी अर्क टाकून आयनोमायसिनचा (पेशीत थेट कॅल्शियम शिरू देणाऱ्या रसायनाचा) कमाल उठाव आधी पाहावा. दुसरा अंश हिस्टामिनला धक्का न लावता यूटीपीचा उठाव कमी करतो. त्यावर काम चालू आहे. पोस्टरच्या आयोजकांना दुरुस्तीचे पत्र पाठवले गेले.

काय वेगळे करता आले असते

७ मायक्रोमोलर हा आकडा पहिल्याच आठवड्यात समोर होता. त्याच दिवशी त्याची तुलना पी२वाय६ च्या ज्ञात ईसी५० शी आणि स्वतःच्या यूटीपीच्या आलेखाशी झाली असती तर निदान सहा महिने वाचले असते. एटीपीने थकवण्याचा प्रयोग तर अवरोधक मागवण्याच्याही आधी व्हायला हवा होता.

अवरोधक निष्प्रभ ठरला तेव्हा तो चालतो हे दाखवणारी कोणतीच पेशी हाताशी नव्हती. १३२१एन१ या मानवी पेशी मुळात न्यूक्लिओटाइडला उत्तर देत नाहीत, म्हणून त्यांच्यात एकच पी२वाय घालून तुलना करण्याची पद्धत आहे. एचईके२९३ या मानवी पेशी सहज मिळतात, पण त्यांचे स्वतःचे पी२वाय१ आणि पी२वाय२ असल्यामुळे या कामाला त्या फसव्या. पी२वाय६ घातलेल्या १३२१एन१ दुसऱ्या गटाकडून मागून घेणे शक्य होते. तसे पत्र कोणी लिहिलेच नाही. एमआरएस२५७८ बिघडला होता की नव्हता, हा प्रश्न त्यामुळे आजही उघडा आहे.

नागपूरच्या उन्हाळ्याचा हिशेब वेगळा ठेवायला हवा होता. "रूम टेंपरेचरला ४५ मिनिटे डाय भरा" या सूचनेतली खोली २२–२५ अंशांची असते. मे महिन्यात एसी बंद पडलेल्या दिवशी त्या खोलीत ३७ च्या वर तापमान होते. डाय पेशीतल्या पुटिकांत शिरला आणि त्या दिवसाचे उठाव बुटके आले. त्या प्लेटा यूडीपीच्या सरासरीत मिसळल्या गेल्या होत्या. कल्चरच्या खोलीशेजारी कूलर लावणे हा उपाय नव्हे. ओल्या वाळ्यातून बुरशीचे बीजाणू येतात.

माध्यम बदलल्यावर पेशींना किमान ३० मिनिटे निवांत ठेवणे आणि द्रावण वेलच्या भिंतीवरून सावकाश सोडणे हे सुरुवातीच्या प्लेटांत पाळले नव्हते. नुसता बफर टाकला तरी लहान उठाव येत होता, तो पेशींनी स्वतः सोडलेल्या एटीपीचा. पेशी त्याने आधीच थकलेल्या असतील तर पुढचे सगळे आकडे खुजे येतात.

स्टॉकबाबत आता तिथे असे चालते : एटीपीचा डायसोडियम क्षार पाण्यात आम्लधर्मी होतो आणि आम्लात फॉस्फेट गळतात, म्हणून प्रत्येक न्यूक्लिओटाइड सोडियम हायड्रॉक्साइडने पीएच ७ ला आणून १० मिलिमोलरचे २० मायक्रोलिटर तुकडे उणे ८० ला ठेवतात आणि एकदा वितळलेला तुकडा पुन्हा गोठवत नाहीत. डायफॉस्फेटच्या प्रत्येक नव्या बाटलीतून एक तुकडा त्याच जुन्या स्तंभावर जातो, आणि तिथे निघालेली यूटीपी किंवा एटीपीची टक्केवारी लेबलवर लिहिल्याखेरीज ती बाटली प्लेटपर्यंत येत नाही.